रुमाल टाकून धरलेली जागा

८ फेब्रुवारी

ताई,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपली तारीख अकरा महिन्यांनी पुढे सरकली आणि पुढच्या वर्षी मला व्हिसाच्या मुलाखतीला बोलावतील. ते चूक आहे. मी व्हिसाच्या रांगेच्या तक्त्यातली चुकीची ओळ वाचली. पुढे सरकली ती लग्न झालेल्या मुलांची ओळ. माझी, म्हणजे अविवाहितांची, तिच्या वरची. ती पुढे सरकलेली नाही. ती मागे गेली आहे, सात महिने.

तारीख मागे कशी जाऊ शकते ते मला कळेना, म्हणून वकिलाच्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "जागा कमी आणि अर्ज जास्त झाले की मागे घेतात." मी विचारलं, "मग मध्ये जे थांबले होते ते?" ती म्हणाली, "ते थांबलेलेच की." ती चांगलं बोलली, रागावली वगैरे नाही. पण फोन ठेवल्यावर मी लॅबमध्ये एका कवळीत दोन दात उलटे बसवले, डावा उजवीकडे, आणि लॅबवाल्या काकांनी ते बघितलं.

चूक मला सापडली नाही, खालच्या चष्मेवाल्याला सापडली. मी त्याला मोठ्या तोंडाने तक्ता दाखवायला गेले. त्याने वाचला, मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तुझं लग्न झालंय का?" मी म्हटलं, "हा काय प्रश्न?" तो म्हणाला, "मग ही ओळ तुझी नाही."

आईला हे तू सांग, आणि नीट सांग. तिने माझ्यासाठी टाकलेला अर्ज जिथे होता तिथे आहे, रद्द झालेला नाही. अटी जुन्याच: मी लग्न करायचं नाही आणि तिने तिथेच राहायचं. फक्त पुढच्या वर्षीचं विसरायचं. फोनवर मी सांगणार होते, पण फोनवर आपण तिघीही "सगळं छान" इतकं सराईतपणे म्हणतो की खरं मध्ये घुसवायला जागाच राहत नाही. बाबांचा नियम पत्रालाच लागू पडतो. बसवलेल्या कवळीत एक दात उंच राहिला तर सगळा जबडा दुखतो, म्हणून आधी तो घासायचा आणि मग बाकीचं बोलायचं. तो मी घासला आहे.

तुझी,
धाकटी

२२ फेब्रुवारी

शंकाबाई,

तुझी दुरुस्ती माझ्यापर्यंत पोचली. आईपर्यंत नाही. कारण तुझ्या अकरा महिन्यांच्या जोरावर तिने पलंग घेतला आहे.

ज्या खोलीत मी इस्त्रीचे कपडे टाकते ती तुला फोटोत दाखवली होती ना? कपडे बाहेर आले आणि पलंग आत गेला. वर चादरही घातली आहे, आणि मी पलंगावर पर्स ठेवली तर ती म्हणते, "तिथे नको, तिची जागा आहे." आता त्या चादरीकडे बघून मी तिला तक्त्यातल्या ओळी कशा समजावू? सांगेन. रात्रपाळीचा हा आठवडा संपू दे. वॉर्डात दोन नर्स रजेवर आहेत आणि मी घरी फक्त झोपायला येते.

तुला दुसरं काम आहे. आईची वरची कवळी ढिली झाली आहे. बोलता बोलता खाली येते, मग ती तोंडावर हात धरून बोलते. इथल्या डेंटिस्टची तारीख तुझ्या व्हिसाच्या थोडीच आधी मिळते. तुझ्याकडे तिचा जुना साचा आहे ना? त्यावरून एक नवी करून पाठव. आई म्हणते, "राहू दे, तिला कामं असतात." म्हणजे हवी आहे.

आणि चष्मेवाल्याचं काय चाललंय? आई विचारत नाही, म्हणून मी विचारते. तुझ्या पत्रात आजकाल तो फार वेळा चष्मा पुसतो.

ताई

९ मार्च

ताई,

या वेळी दुरुस्ती नाही. मागचं पत्र पाकिटात घालण्याआधी दोनदा तपासलं होतं.

पण तू आईला अजून सांगितलं नाहीस, त्यामुळे माझी चूक तिच्या घरात पलंग होऊन उभी आहे. मला ते सहन होत नाही. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मला तो पलंग आठवतो, जो मी बघितलेलाही नाही. रात्रपाळीचा आठवडा संपला असेल. सांग.

साचा आहे. लॅबच्या फळीवर सगळ्या साच्यांवर पेशंटची नावं असतात. आईच्या साच्यावर बाबांनी पेन्सिलीने "घरचं" एवढंच लिहिलं आहे. बाबांनी आणि मी मिळून केलेली ती शेवटची कवळी. मी आठवड्याभरात तशीच दुसरी करते. पण मला काही प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं टाळू नकोस. ढिली कधी होते, बोलताना की खाताना? हिरडीला कुठे लाल झालंय का? ती एकाच बाजूने चावते का? किती दिवस झाले? आणि ती बारीक झाली आहे का? फोनवर ती कॅमेरा नेहमी खिडकीकडे का करते?

चष्मेवाल्याचं विचारलंस म्हणून लिहिते. तो आहे. दुकान बंद करताना मी खाली जाते, आम्ही स्टुलांवर बसून चहा पितो. मी त्याला सांगून टाकलं होतं की माझी फाइल सुटेपर्यंत मला काही ठरवता येणार नाही, त्याने थांबू नये. तो म्हणाला, "मी थांबलोय असं समजू नकोस. मी दुकान चालवतोय." मग गेल्या आठवड्यात अचानक म्हणाला, "मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगं धरतो आणि विचारतो, हे बरं दिसतं की हे? कुणी फारच वेळ बसून राहिलं तर मी समजतो की डोळे ठीक आहेत, माणूस घाबरलाय." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो बरोबर होता याचा राग जास्त येतो.

काकांनीही परत विचारलं. त्यांच्याने आता दिवसभर बाकावर बसवत नाही. "लॅब चालवायला घेतेस का? नाहीतर मी दुसरं कुणी बघतो." मी म्हटलं, "काका, माझं काही सांगता येत नाही." ते म्हणाले, "हे वाक्य तू माझ्या कवळीत कोरून ठेव, म्हणजे सारखं बोलावं लागणार नाही."

माझ्या खोलीत अजून कपाट नाही. कपडे सुटकेसमधून काढते, सुटकेसमध्ये ठेवते. गेल्या महिन्यात तिची चेन तुटली तर नवी बसवून आणली. एका जागी राहूनही बॅग झिजते, हे मला नव्याने कळलं.

उत्तरं पाठव. पलंगाचंही.

धाकटी

२ एप्रिल

शंकाबाई,

तुझी कवळी आली. सुरेख आहे, मी वॉर्डात सगळ्यांना दाखवली. आईने ती घातली, आरशासमोर उभी राहिली, हसली, आणि कवळी बेसिनमध्ये पडली.

आई म्हणाली, "पोरीचा हात बिघडला वाटतं." मग लगेच म्हणाली, "असं तिला लिहू नकोस." मी लिहिते आहे, कारण तुझा हात बिघडलाय यावर माझा विश्वास नाही, आणि तुला न लिहिलेलं काही सापडलं की तू काय करतेस ते मला माहीत आहे.

तुझे प्रश्न. बोलताना पडते. खातानाचं मला नक्की सांगता येत नाही, आमच्या जेवणाच्या वेळा जुळत नाहीत. लाल दिसलं नाही. मऊ मऊ खाते, पण खाते. वजन या वयात थोडं उतरतंच. कॅमेरा खिडकीकडे करते कारण तिला वाटतं तुला बाहेरचं बघायचं असेल. झालं?

ओळीचं सांगितलं. मी तयारी करून बसले होते, पाणी वगैरे घेऊन. ती ऐकून म्हणाली, "बरं. मग चादर काढून ठेवते, धूळ बसेल." आणि चादर घडी करून ठेवली. एवढंच.

आता नवं माप कसं घ्यायचं ते लिही. सामान पाठव, मी घेते. सलाईन लावता येतं तर हेही येईल.

ताई

१८ एप्रिल

बाळ,

तुझ्या ताईने काल माझ्या तोंडात तो लगदा कोंबला आणि घड्याळ बघत उभी राहिली. तू लिहिलं होतंस तेवढा वेळ मला एकही टोमणा मारता आला नाही. तिला फार आवडलं असावं, कारण नंतर म्हणाली, "पुन्हा एकदा घेऊ का, नीट आलं नसेल तर?" माप या डब्यात आहे. कापसात गुंडाळलंय. खालच्या जबड्याचंही घेतलं, तू म्हणालीस म्हणून.

मागच्या कवळीचं मनावर घेऊ नकोस. मी घाईत घातली असेन.

तारखेचं कळलं. तू रडत बसली असशील चुकीची ओळ वाचली म्हणून. बसू नकोस. मला थांबण्याचं काही वाटत नाही. थांबायला मी काही करते का? बसमध्ये लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा तुझ्यासाठी इथे मला टाकलंय. रुमालाला काय त्रास? पडून राहायचं. मधूनच कुणी उचलू नये एवढंच. परवाही मनात आलं, तिकडे एक चक्कर मारून यावी. पण मागच्या वेळी परत येताना विमानतळावरच्या त्या माणसाने विचारलं होतं ना, "इथे राहायचं नसेल तर ग्रीन कार्ड परत का देत नाही?" तेव्हापासून मी दाराबाहेर पडतानाही कार्ड खिशात आहे का बघते. तुझं झालं की मग बघू.

आपल्या जिन्याची तिसरी पायरी कुणी नीट केली का? अंधारात तिथे पाय अडखळतो. बाजूच्या बाईंचं ऑपरेशन झालं का? त्यांना कुणी सोबत असतं का दुपारी? गच्चीच्या दाराला कडी कुणी लावतं? इथे जिना नाही, लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये भेटतात ती माणसं वर बघतात, आकडे बदलताना. मीही बघायला शिकले आहे.

ताईला फार काम असतं. तिला काही विचारून सतावू नकोस.

आई

६ मे

ताई,

आधी दुरुस्ती. मागची कवळी पडली तेव्हा मी फोनवर म्हटलं की प्लास्टर नीट घोटलं गेलं नसेल. प्लास्टर ठीक होतं. मी जुन्या साच्यावर अगदी बरोबर कवळी केली. चूक ही की मी जुन्या साच्यावर केली. गेली तेव्हाची आई फळीवर होती, तीच मी तुला पाठवून दिली. कुणाही पेशंटच्या बाबतीत मी हे केलं नसतं. नवं माप घेतल्याशिवाय मी कधी मेण तापवत नाही. घरचं होतं म्हणून मला वाटलं मला माहीत आहे.

तू माप चांगलं घेतलंस. कडा पूर्ण आल्या आहेत. मी त्यात प्लास्टर ओतलं, वाळू दिलं, सोडवलं आणि जुन्या साच्याशेजारी बाकावर ठेवलं. मग मी हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

दात नसले की हिरडी सगळ्यांचीच झिजते. बाबा असते तर त्यांनी हेच आधी सांगितलं असतं, म्हणून मी ते धरून चालते. ते धरूनही, ताई, हा तोच जबडा नाही. वरची कड जिथे उंच होती तिथे सपाट झाली आहे. गालाला टेकून माप जिथे थांबतं ती रेघ कितीतरी आत सरकली आहे. उजवीकडे जुन्या कवळीची कड रुतून खड्डा पडला आहे, म्हणजे तिकडे दुखत असणार आणि कित्येक महिने दुखत असणार. आणि डावीकडे काहीच नाही. चावण्याची खूणच नाही, कुठल्याच बाजूला. माणूस कवळी घालून जेवत असेल तर असं होत नाही.

काका मागून आले. त्यांनी दोन्ही साचे हातात घेतले, उजेडात फिरवले, आणि सहज विचारलं, "हे दोघे कोण? नात्यातले आहेत का?"

मी म्हटलं, "हो, नात्यातले."

मी आता तुला सहा प्रश्न विचारणार नाही. एकच विचारते. ती कशी आहे? मला वाटतं तुला माहीत आहे. मला वाटतं माझ्या मार्चच्या पत्रालाही तुझ्याकडे उत्तर होतं. मी रागावलेली नाही. खरं तर मी आहे, पण ते नंतर.

नव्या कवळीचं मेण आजच लावते. हात कशाततरी असले की मला बसवतं.

धाकटी

२१ मे

धाकटे,

शंकाबाई म्हणवत नाही या वेळी.

ती आजारी नाही, आधी हे वाच. सगळ्या तपासण्या झाल्या, दोनदा झाल्या. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही. वजन उतरलंय, पुष्कळ. नर्सच्या घरात उतरलंय, ते मी कुणाला सांगू? मी सकाळी वॉर्डात दुसऱ्यांच्या आयांना चमच्याने भरवते आणि घरी येते तेव्हा ओट्यावर मी ठेवलेला डबा तसाच असतो. ती म्हणते, "झालं माझं." कवळी ती मी बाहेर पडले की काढून ठेवते. मी विचारलं का, तर म्हणाली, "घालून कुणाशी बोलू?"

थंडीत एकदा मी लवकर घरी आले. ती कोट घालून, पायात बूट, मांडीवर पर्स, अशी खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "कुठे नाही. घालून बघत होते." मग मी स्पष्टच विचारलं, घरी जायचंय का. तिने बुटाची नाडी सोडत सांगितलं, "धाकटीचं होऊ दे. मी गेले तर कार्ड जाईल, कार्ड गेलं तर तिचा अर्ज जाईल. एवढी वर्षं काढली ना." तेव्हापासून मी तो विषय काढला नाही.

तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू फाइल सोडली असतीस. मी तुला ओळखते. आणि मला तू इथे हवी आहेस. आईसाठी वगैरे नाही, मला. संध्याकाळी दार उघडल्यावर मला कुणीतरी चुका काढायला हवं आहे. तू फाइल सोडलीस तर माझ्या नावाने तुझा अर्ज टाकता येईल, पण ती भावंडांची रांग. त्या रांगेतून तू येशील तेव्हा आपल्या दोघींच्या कवळ्या तूच करशील.

म्हणून मी गप्प बसले. तू तिकडे तिच्यासाठी थांबलीस, ती इकडे तुझ्यासाठी, आणि मी मध्ये उभी राहून दोघींना सांगत राहिले की सगळं छान आहे.

तू ठरव, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू वर्षभर ठरवत बसशील.

ताई

५ जून

आई,

हे पत्र कवळीच्या डब्यात आहे. आधी कवळी घाल. मग काहीतरी चावायला लागेल असं खा, दोन्ही बाजूंनी, ताईसमोर. मग पुढे वाच. मी थांबते.

दुरुस्त्या दोन. पहिली माझी. मागच्या वेळी हात बिघडला नव्हता आणि तू घाईही केली नव्हतीस. मी तुला बघितलं नव्हतं, म्हणून बसली नाही. ही बसेल. उजवीकडे जिथे खड्डा पडला आहे तिथे मी कड कमी केली आहे. तरी टोचलं तर ताईला खूण करायला सांग, सहन करू नकोस.

दुसरी तुझी. तू लिहिलंस की रुमालाला त्रास नसतो. मी तुझे दोन साचे शेजारी ठेवून बघितले आहेत, त्यामुळे यावर मी वाद घालणार नाही.

ताईवर चिडू नकोस. तिने मला सांगितलं नाही, मला साच्यात दिसलं. नंतर मी विचारलं तेव्हा तिने खरं सांगितलं, आणि ते सांगायला तिला किती जड गेलं ते मला तिच्या अक्षरावरून कळलं. तिला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. ते फार लांबलं. त्याचा सारांश असा की ती एकटी पडणार आहे, मला ते कळतं, आणि माझ्याकडे त्यावर उपाय नाही. भावंडांच्या रांगेत माझं नाव घाल, असं मी तिला म्हणाले. केस पांढरे होतील ते होऊ देत.

आता मुद्द्याचं. तू टाकलेला अर्ज मागे घ्यायचा तर तुझी सही लागते. तू ती करणार नाहीस, मला माहीत आहे. "अजून एक वर्ष बघू" म्हणशील, आणि मी ऐकेन, कारण मला ऐकायची सवय आहे. म्हणून मी वकिलाच्या ऑफिसातल्या बाईंना विचारलं की माझ्या हातात काय आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात फक्त लग्न न करणं आहे." मी विचारलं, "आणि केलं तर?" त्या म्हणाल्या, "तर त्याच दिवशी अर्ज संपला. नंतर काही करून जिवंत होत नाही." मी त्यांच्याकडून हे दोनदा म्हणवून घेतलं.

मग मी जिना उतरून खाली गेले. चष्मेवाला एका म्हाताऱ्या गृहस्थांना अक्षरं वाचायला लावत होता. ते जाईपर्यंत मी स्टुलावर बसले. मग म्हटलं, "हे भिंग. हेच बरं दिसतं."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने विचारलं, "आईसाठी करते आहेस का?" रास्त प्रश्न होता. मी विचार करून उत्तर दिलं, कारण यात चूक राहिली तर ती पुढे कधी घासता आली नसती. मी म्हटलं, "फाइल आईसाठी बंद करते आहे. लग्न आईसाठी करायचं असतं तर दुसरा कुणी शोधला असता. तिच्या मते तू फार बोलतोस." तो उठला, आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून तसंच विसरून गेला. मला तो आवडतो, आई. मी हे कुठल्याच पत्रात नीट लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदणी कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने आमची कागदपत्रं चाळली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाला, "नोटिशीचा महिना धरून तारीख देतो. चालेल ना?"

मी विचारलं, "ही मागे जाते का?"

तो म्हणाला, "काय?"

"म्हणजे तुम्ही आज दिलीत आणि पुढच्या महिन्यात ती सरकली, असं होतं का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग चष्मेवाल्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई, तुम्ही आलात की ती तारीख तुमची. तुम्ही नाही आलात तरच जाते." आणि त्याने शिक्का मारला.

मी बाहेर पायऱ्यांवर बसून तो कागद वाचला. ओळ बरोबर आहे. चष्मेवाल्यानेही तपासली.

काकांना मी सांगितलं की लॅब मी चालवते. ते म्हणाले, "आता कवळीत काय कोरू?" परवा खोलीत कपाट आलं. मोठं आहे, दोघींचे कपडे मावतील असं बघून घेतलं. उजवी बाजू रिकामी आहे. कार्ड ठेवायचं की परत द्यायचं, तिकडे राहायचं की इकडे यायचं, हे आता तुझं तू ठरव. माझ्यासाठी थांबायचं कारण मात्र राहणार नाही. तिसरी पायरी अजून तशीच आहे. ती मी मुद्दाम नीट करून घेतली नाही. तू आलीस की ज्याला त्याला बोलशील, म्हणून. बाजूच्या बाईंचं ऑपरेशन झालं. दुपारी त्या एकट्याच असतात, आणि तुझी वाट बघतात असं म्हणाल्या. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं लिहिते आहे, माझ्या मनचं नाही.

हे पार्सल पोचेपर्यंत तुझ्याकडे दोनतीन आठवडे उरतील. रागवायला तेवढे पुरतील. फोन कर, हवं ते बोल, कवळी घालून बोल. मी सगळं ऐकेन आणि या वेळी तरीही जाईन.

रुमाल उचल, आई. मी कचेरीत जाते आहे ती गुरुवारी, ९ जुलैला, सकाळी साडेअकरा वाजता.